लेकराचा घास

दोन हजार तेवीस साल होतं. पोळा होऊन गेला होता, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल हिंगणघाटच्या घराघरांत अजून टीव्हीशेजारी उभे होते, आणि अशाच एका सकाळी मंदाबाईंना न्हाणीघरातून नातवाचं रडणं ऐकू आलं. “लागते ना व आई! नाई निघत तो!” दहा वर्षांचा पियुष पाटावर बसला होता आणि सून दीपमाला त्याची मान वाकवून, टाचा घासायच्या वजरीने मानेमागचा काळा पट्टा घासत होती. “निघत कसा नाई? शाळेत मॅडम म्हणन, याच्या घरी पाणी येत नाई का! रोज आंघोळ करते का नुसतंच पाणी सांडते रे?” मंदाबाईंनी सुनेच्या हातातली वजरी काढून घेतली. “सरक, तुले नाई जमत.” त्यांनी बेसन कालवलं, वर लिंबू पिळलं आणि पदर खोचून बसल्या. मळ काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रफुलला, म्हणजे याच्या बापाला, त्यांनी असंच घासून लख्ख वाढवला होता. पण हा मळ वेगळा होता. हाताला खरखरीत लागत नव्हता, मऊ लागत होता, मखमलीसारखा. मानेच्या वळीत तो दाट होता, कानाखाली विरळ. घासून घासून भोवतालची कातडी लालबुंद झाली आणि काळं होतं तसंच राहिलं. मंदाबाई उठल्या. पावडरचा डबा आणला, मान पांढरी केली, सदऱ्याची कॉलर वर ओढली. “चाल. आबाच्या दुकानात उशीर होते.”

आबाचं दुकान म्हणजे बंडूजींचं दुकान, मेन रोडवरचं. शाळेच्या वाटेवर ते लागायचं आणि सकाळी त्यापुढे आजी-नातू थांबल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. बंडूजी म्हणजे मंदाबाईंचे धाकटे दीर. साखरेने त्यांच्या पायाचं एक बोट नेलं होतं, तेव्हापासून ते काठी टेकत. पण गल्ला सोडत नसत. दुकानाच्या तोंडाशी चमकत्या पुड्यांच्या लडी टांगलेल्या, कंपनीने दिलेला काचेचा फ्रीज, त्यात लाल, काळ्या, केशरी बाटल्या. पहिलं गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचं होतं, एवढ्या फटीत बंडूजी हाक मारायचे, “ये रे मालक! घे आपला घास!” मग पियुष एक पुडी ओढायचा, फ्रीजमधून एक बाटली काढायचा आणि पायरीवर बसून पहिला घास तिथेच खायचा. तिथेच खायचा असतो. ही त्या घराण्याची रीत होती, मंदाबाई लग्न होऊन आल्या त्याच्याही आधीपासूनची. बोहनी झाली की घरच्या लेकराच्या हातावर दुकानातलं काहीतरी ठेवायचं, आणि त्याने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. लेकराच्या तोंडात पडलं की धंद्याला बरकत. मंदाबाई नव्या नवरी होत्या तेव्हा दुकानात गूळ असायचा, फुटाणे, सरकी-ढेप, तेलाचे पिंप. समोरून कापसाच्या बंड्या, बैल जुंपलेल्या, जिनिंगकडे जायच्या, रस्ताभर सरकीचा वास आणि गटारांच्या काठाला कापसाचे धागे अडकलेले. लेकराच्या हातावर तेव्हा चिमूटभर गूळ नि चार फुटाणे पडायचे. दुकान बदलत गेलं. आधी गोळ्या आल्या, मग बिस्किटं, मग ह्या लडी, हा फ्रीज. रीत मात्र कुणी बदलली नाही. रीत बदलायची असते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पियुष कुरुमकुरुम खात असे आणि मंदाबाई पायरीखाली उभ्या राहून बघत असत. त्या नातवाकडे बघत नव्हत्या. बंडूजींच्या हाताकडे बघत होत्या. हाच हात. अठ्ठ्याऐंशी साली मंदाबाईंचे यजमान, बाबाराव, गेले. अडतिसाव्या वर्षी, दुकानातच, पोत्यावर बसल्या बसल्या छातीला हात लावला नि संपले. गोल पोट, भरले गाल. सासू कौतुकाने म्हणायची, माझ्या लेकाकडे पाहून कळते का दुकान भरलं हाय. तेरवी झाली आणि प्रफुल, सहा वर्षांचा, आपल्या सवयीने सकाळी दुकानाशी गेला आणि हात पुढे करून उभा राहिला. मंदाबाई मागून येत होत्या. बोहनी झाली होती. बंडूजींनी बरणीत हात घातला, गूळ-फुटाण्याची मूठ भरली आणि ती प्रफुलच्या हातावरून, अगदी वरून, पलीकडे नेऊन आपल्या लेकाच्या, विवेकच्या हातावर ठेवली. प्रफुलचा हात तसाच राहिला. “काका, मले?” बंडूजी त्याच्याकडे न बघता गिऱ्हाइकाला म्हणाले, “बिनबापाच्या लेकराचा घास दुकानाले लाभत नाई म्हणते.” कोण म्हणते? कुणी म्हटलं नव्हतं. रीत त्यांनी त्या क्षणी बनवली. गिऱ्हाईक हसलंही नाही, रडलंही नाही, त्याने मीठ मागितलं. वर्षाच्या आत मंदाबाई लेकाला घेऊन वेगळ्या, दोन खोल्यांत राहायला गेल्या आणि दुकानदाराच्या घरची सून जिनिंगमध्ये कापूस निवडायला बसू लागली. बायका आधी सरकून बसायच्या, मग बोलायला लागल्या. कापसाचा धागा नाकात जायचा, घशात बसायचा, पण मंदाबाईंच्या घशात वेगळंच काही बसलं होतं, आणि ते कापसासारखं खोकून निघणारं नव्हतं.

विवेक शिकला, पुण्याला गेला, तिकडचाच झाला. त्याला मूलबाळ झालं नाही. मेन रोडवर मोठं, आरशांचं, गाड्या ढकलत सामान घ्यायचं दुकान उघडलं आणि बंडूजींचं गिऱ्हाईक पातळ झालं. मग एका सकाळी पियुषला कडेवर घेऊन मंदाबाई समोरून जात असताना बंडूजी काठी न घेताच खाली उतरले. “वयनी, लेकराले आणत जा ना. घरचं लेकरू नाई तर बोहनी लागत नाई.” त्या वेळी मंदाबाईंना जे झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सगळं अंग गरम झालं होतं, लग्नात झालं नव्हतं तसं. त्याला आता त्यांच्याच वंशाचं तोंड लागत होतं! “आणत जाईन, भाऊजी,” त्या म्हणाल्या. आणि आणत राहिल्या. पियुष एक पुडी घेई तेव्हा त्या म्हणत, “अजून घे, आबा नाई म्हणत नाई.” बंडूजी हसत पण दुसरी पुडी देताना त्यांचं बोट जरा अडखळे, ते मंदाबाईंना दिसे, आणि ते अडखळणं त्यांना दिवसभर पुरे. शाळा सुटल्यावर पुन्हा. सुटीच्या दिवशी मुद्दाम. घरी पियुष जेवत नसे, कारण पोट भरलेलं असे. गल्लीतली पोरं त्याला गोलू म्हणत, मंदाबाई म्हणत, खात्यापित्या घरचं हाय, तुमच्यासारखं वाळकं नाई. आणि हे म्हणताना आपण सासूचाच आवाज काढतो आहोत हे त्यांना ऐकू येत नव्हतं.

मान घासली त्याच दिवशी शाळेत तपासणी होती. दुपारी निरोप आला, घरचं कुणीतरी या. प्रफुल जिनिंगच्या ऑफिसात, दीपमाला पतसंस्थेत, म्हणून मंदाबाई गेल्या. वर्ध्याहून आलेल्या डॉक्टर प्रेरणा वयाने लहान होत्या, मोठ्या चष्म्याच्या. त्यांनी पियुषची कॉलर खाली केली, ओल्या कापसाने पावडर पुसली. पांढऱ्याखालून लाल आणि लालाखालून काळं निघालं. “हे कोणी घासलंय?” मंदाबाईंनी पदर सावरला. “मळ हाय ना तो.” “आजी, हा मळ नाहीये. हे आतून आलंय.” आतून! कुठल्या आतून? डॉक्टर बोलत राहिल्या, मऊ आवाजात, पण मंदाबाईंना एकेक शब्द पाटीवर पेन्सिल ओरखडावी तसा ऐकू येत होता. रक्तातली साखर पेशींत जायची ती जात नाही, म्हणून शरीर जास्त जास्त इन्सुलिन ओततं, त्याची ही खूण मानेवर उमटते. त्यांनी पियुषच्या पोटाभोवती टेप गुंडाळली. दंडाला लहान पट्टा बांधून बीपी घेतलं, थोडं थांबून परत घेतलं. “घरात कोणाला साखर?” “याच्या बापाले. आत्ताच निघाली.” “आजोबा?” “गेले. हार्टने.” “कितव्या वर्षी?” मंदाबाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “पोटाचा घेर, बीपी, रक्तातली चरबी, साखर. हे सगळे एकत्र जमायला लागले की पुढे त्याच वाटेने जातं, आजोबांच्या. पण हा अजून उंबरठ्यावर आहे. उपाशी नाही ठेवायचं त्याला, आणि लाजवायचं तर मुळीच नाही. बाटल्या नि पुड्या बंद, त्याऐवजी फळ द्या. रोज तासभर घाम येईस्तोवर खेळ. वेळेवर झोप, हातातला मोबाईल कमी. आणि हे सगळ्या घरानं करायचं, एकट्या त्यानं नाही. हे थांबवता येतं, आजी. आत्ता थांबवलं तर.” मग त्यांनी पियुषला विचारलं, “रोज काय काय खातोस रे?” पियुष खुलला. “आबाच्या दुकानात घास असते ना माझा. आजी म्हणते दोन घे.”

घरी येताना मंदाबाईंनी नातवाचा हात धरला होता आणि तो हात त्यांना पहिल्यांदा जाणवला. गरम, जाड, जरा घामेजलेला. चढावर पियुष थांबला, “आजी, दम लागला व.” बाबाराव असेच जिन्यावर थांबायचे आणि हसून म्हणायचे, दुकानदार माणूस हाय, धावू कशाला? मंदाबाईंच्या डोळ्यांपुढे पोत्यावरचे बाबाराव आले, मग पायरीवर पुडी फोडणारा पियुष आला आणि दोघे एकमेकांत मिसळू लागले. दुसरी कुणी बाई असती तर रस्त्यात बसून रडली असती. मंदाबाईंना रडू आलं नाही, राग आला. त्या माणसाने एकदा लेकाच्या हातावर ठेवलं नाही तेही विष होतं आणि आता नातवाच्या हातावर ठेवत होता तेही विषच. दोन्ही वेळा हात त्याचाच. आपलं बोट आपल्याकडे वळत होतं, ते त्यांनी मुरगळून परत दुकानाकडे वळवलं.

रक्ताचे रिपोर्ट आले. साखर काठावर, चरबी चढलेली. दीपमालाने ते वाचले आणि सासूकडे न बघता स्वयंपाकघर आवरायला घेतलं. फरसाणाचे डबे गेले, शरबताच्या बाटल्या गेल्या. भाकरी आली, तुरीचं वरण, पालक, काकडी, सगळ्यांच्या ताटात तेच. प्रफुल कुरकुरला, “मी काऊन?” ती म्हणाली, “तुमच्यामुळंच तर. बाप खाईन चिवडा नि लेक पाहीन काय?” पियुष पहिल्या दिवसांत रडला, ताट सरकवलं, रात्री दारं आपटली. शाळेत जायची वाट बदलली, मागच्या गल्लीतून. संध्याकाळी प्रफुल त्याला मैदानावर नेऊ लागला. तिथे तो गोलरक्षक व्हायचा, कारण पळायचं नसतं. मग प्रफुलने त्याला गोलातून काढून पळायला लावलं आणि स्वतःही त्याच्यामागे धापा टाकत पळाला. बंडूजींचा फोन प्रफुलला येत होता. “लेकरू काऊन येऊन नाई राह्यलं? बोहनी सुनी जाते रे.” प्रफुल घरी येऊन म्हणाला, “आई, काकाले समजावून सांगतो ना मी. माया करते ते. जुनं झालं आता.” मंदाबाई भाकरी थापत होत्या. “तुझ्या हातावरून मूठ गेलती. तुले आठवते का?” प्रफुल म्हणाला, “नाई आठवत.” हे त्यांना सहन झालं नाही. ज्याच्यासाठी त्यांनी पस्तीस वर्षं आग राखली, त्याच्याकडे राखसुद्धा नव्हती!

त्यांनी ठरवलं. दिवाळीच्या पाडव्याला दुकानात वह्यांची पूजा व्हायची, वर्षाची मोठी बोहनी व्हायची, बाजारातले चार लोक यायचे. त्या दिवशी पियुषला न्यायचं. सगळ्यांसमोर बंडूजी पुडी पुढे करतील आणि पियुष मोठ्याने म्हणेल, नको. घरच्याच लेकराने वर्षाचा घास नाकारायचा! बाजार वर्षभर बोलेल. त्यांनी पियुषला शिकवलं, “म्हणजो, तुमच्या दुकानातलं मले चालत नाई, आबा.” पियुष चिंताग्रस्त होऊन म्हणून दाखवत असे. “आजी, आबाले वाईट नाई वाटन?” “वाटू दे.” हे दीपमालाने दारातून ऐकलं. ती कधी सासूला उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी ती पोराला बाहेर पाठवून समोर येऊन बसली. “आई, मी आज बोलतोच. पहिले तुम्ही घेऊन घेऊन सूड घेतला. आता नाई म्हणून घेऊन राह्यल्या. मधात माझं पोट्टं हाय ना व!” मंदाबाई म्हणाल्या, “तुले काय माहीत आम्ही काय काढलं!” “माहीत हाय. म्हणून इतके दिवस मी गप होतो. पण त्याले तिथी नेऊन उभं कराल ना, लोकं त्याच्या पोटाकडे पाहतीन नि हसतीन. घास तुम्ही नाकारा. तुमचं भांडण हाय, तुम्ही जा.”

आणि त्या एकट्या गेल्या. पाडव्याची सकाळ, थंडी लागायला लागली होती. झेंडूच्या माळा, उदबत्ती, पाटावर वह्या, चार-पाच लोक खुर्च्यांवर. बंडूजी धोतर नेसले होते, कधी नव्हे ते. त्यांनी मंदाबाईंच्या मागे पाहिलं. “मालक कुठी हाय?” “मैदानावर.” “येते ना?” “नाई येत. आज नाई, उद्या नाई. आमच्या घरचं लेकरू तुमच्या दुकानाचा घास आता खाणार नाई.” मंदाबाईंनी आवाज चढवला नव्हता, तरी खुर्च्यांवरच्या माना वळल्या. त्यांना वाटलं होतं बंडूजी संतापतील, मग त्या सगळं बोलतील, मानेचा पट्टा, टेप, बाबाराव, सगळं. बंडूजी संतापले नाहीत. ते काठी टेकत आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. त्यांनी ती मंदाबाईंसमोर उघडली. संत्री होती. गच्च, पिवळसर, देठाला पान असलेली. “प्रफुलने सांगितलं मले सारं. डॉक्टर काय म्हणे ते. मी कालच आष्टीकडून आणवली. माझ्या दुकानात असलं काई नसते, पण आणली. हे तर चालते ना लेकराले?” ते एक संत्रं त्यांच्यापुढे धरून उभे राहिले. मग लोकांकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाले, “वयनी, प्रफुलचा घास मी तेव्हा नाई देल्ला. मले झोप येत नाई त्याच्यापायी. म्हणून याले देत होतो. मले काय माहीत का त्याच्यात हे हाय. एवढं घ्या. फेडू द्या मले.”

मंदाबाईंनी संत्र्याकडे पाहिलं. सालीचा वास येत होता. डॉक्टरांनी फळ नको म्हटलं नव्हतं. उलट, फळ द्या म्हणाल्या होत्या. त्या फळात कसलंच विष नव्हतं. आतापर्यंत त्यांच्या रागापुढे पियुषची मान होती, रिपोर्ट होते, डॉक्टरांचा शब्द होता. तो सगळा आडोसा बाजूला झाला आणि उरला तो नुसता त्यांचा राग, जुना, त्यांचा स्वतःचा. एक क्षण त्यांना वाटलं, घ्यावं. हात निघालाही असेल. मग त्यांना दिसलं की हा माणूस आज रात्री झोपेल. संत्रं घेतलं तर हा झोपेल. “चालते,” त्या म्हणाल्या, “पण घेत नाई.” “काऊन, वयनी?” “तुम्ही फेडाल म्हणून.” बंडूजींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहायला मंदाबाई थांबल्या, पुरतं पाहिलं, आणि पायऱ्या उतरल्या. मागे कुणीतरी म्हणालं, “घ्यायचं होतं, बाई. सणाचा दिवस.” रस्त्यावर ऊन पडलं होतं. त्यांना हलकं वाटेल असं वाटलं होतं. हलकं वाटलं. मैदानापर्यंत वाटलं.

त्यानंतर बंडूजींनी दोन दिवाळ्या दुकान चालवलं. फ्रीज त्यांनी कंपनीला परत केला, लडी उतरवल्या, का ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि विवेक येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथेच थंडीत ते गेले. दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. डॉक्टर प्रेरणांची बदली गडचिरोलीकडे झाली. जाण्याआधी त्यांनी पियुषला तपासलं, बीपी उतरलं होतं, साखर काठापासून मागे सरकली होती, मान बरीच उजळली होती. त्या म्हणाल्या, सोडू नका, जन्मभराचं आहे. प्रफुल रोज चालतो, गोळी घेतो, आणि पाहुण्यांकडे मिठाई आली की दीपमालाकडे पाहतो. दीपमालाने शाळेच्या पालकसभेत उठून शंभर लोकांपुढे बोलण्याची हिंमत केली, आणि शाळेच्या गेटवर पुड्या विकणं बंद झालं. पियुष आता तेराव्या वर्षात आहे, उंच झाला आहे, शाळेच्या संघात उजव्या बाजूला खेळतो. बंडूजी गेल्याची बातमी आली तेव्हा तो बापाला म्हणाला, मी बी येतो पुण्याले, आणि मंदाबाईंना म्हणाला, “आबा मले आवडत होते, आजी. त्यानं संत्री आणली होती म्हणते, बाबानं सांगितलं.” एवढंच म्हणाला. परत आल्यापासून तो आजीने विचारलं तेवढं बोलतो, पाणी देतो, औषध आणून देतो, सगळं नीट करतो. सकाळी तो मैदानाला चकरा मारतो तेव्हा मंदाबाई कडेच्या बाकावर शाल पांघरून बसतात. त्याची पावलं हलकी पडतात, श्वास लागत नाही. प्रत्येक चकरेला तो त्यांच्या समोरून जातो, आणि प्रत्येक चकरेला त्या मान वर करतात. तो समोर पाहत पळत असतो.